दारातला तोंडी हुकूम आणि आपले मौन : नागपुरातील होमस्कूलिंग पालकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरात आणि परिसरात आपल्या मुलांना घरी शिकवणारे सर्व पालक

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्या मार्गी लागल्या की शाळाबाह्य मुलांचा शोध सुरू होतो. शिक्षक, अंगणवाडी सेविका, केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे अधिकारी) याद्या घेऊन वस्त्यांमधून, वीटभट्ट्यांवरून, बांधकामांच्या जागांवरून फिरतात. हे काम आवश्यक आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी असे सर्वेक्षण झाले होते, आणि ज्या मुलांच्या हाती पुस्तकाऐवजी विटांचा साचा असतो त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोहोचलेच पाहिजे, याबद्दल आपल्यापैकी कोणाचे दुमत नसावे. अडचण अशी आहे की सर्वेक्षणात भरायच्या नमुन्यात रकाने दोनच असतात: मूल शाळेत आहे किंवा शाळाबाह्य आहे. आपली मुले पहिल्या रकान्यात बसत नाहीत म्हणून ती दुसऱ्यात टाकली जातात, आणि तिथून पुढे दारात जे बोलले जाते त्याला पुष्कळदा कोणत्याही कायद्याचा आधार नसतो.

हे पत्र मी शिक्षण विभागाला लिहू शकले असते. ते तुम्हाला लिहिण्याचे कारण असे, की विभागाला उत्तर देण्याजोगे काही आपण आजवर लेखी विचारलेलेच नाही. दारात येऊन कोणी दमदाटी करून गेले की आपण एकमेकांना फोन करतो, संतापतो, दोन दिवस झोपत नाही, आणि मग गप्प बसतो. कार्यालयाच्या कागदोपत्री पाहिले तर नागपुरात अशा एकाही कुटुंबाला कधी त्रास झालेला नाही.

आधी आपली बाजू कुठे लंगडी आहे ते पाहू, कारण ती माहीत नसलेला पालक पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम १० स्पष्टपणे म्हणते, की आपल्या पाल्याला प्राथमिक शिक्षणासाठी शेजारच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्यात मुलाने शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकावे अशी मोकळीक शब्दांत लिहिलेली होती. आपल्या कायद्यात तशी मोकळीक नाही. दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न गेला तेव्हा २०१२ मध्ये केंद्र सरकारने, हा कायदा होमस्कूलिंगच्या आड येत नाही, असे प्रतिज्ञापत्रावर सांगितले आणि नंतर त्याच भूमिकेवरून माघार घेतली. म्हणून ‘होमस्कूलिंग पूर्णपणे कायदेशीर आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे जे संदेश आपल्या गटांमध्ये फिरतात, ते पाठवू नका आणि त्यांच्यावर विसंबूही नका.

पण कायदा पूर्णपणे आपल्या बाजूचा नाही, याचा अर्थ तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला आहे असा होत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. कलम १० मध्ये कर्तव्य सांगितले आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकासाठी या अधिनियमात कोणतीही शिक्षा ठेवलेली नाही. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे काय हे कलम ८ मध्ये दिले आहे आणि तिथे बंधन शासनावर आहे: मोफत शिक्षण पुरवणे, मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे याची खात्री करणे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने जे पालकांचे कर्तव्य जोडले, ते सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाच्या संधी देण्याचे आहे. आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येतो, हे तर २०१२ च्या दुरुस्तीने याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये लिहून ठेवले आहे. तरीही अशा मुलांच्या आईवडिलांनाच सर्वांत आधी शाळेची सक्ती ऐकावी लागते. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० शिक्षणाच्या पर्यायी प्रकारांना वाव देण्याची भाषा करते. धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे त्याला मी फार वजन देत नाही.

आता दारात जे ऐकू येते त्याकडे वळते. ‘एक लाख रुपये दंड होईल’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. हा दंड कायद्यात आहे, पण तो कलम १८ मध्ये आहे आणि मान्यतेशिवाय शाळा काढणाऱ्याला किंवा चालवणाऱ्याला आहे; शाळा सुरूच ठेवली तर दर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत आणखी. स्वतःच्या दोन मुलांना स्वतःच्या घरात शिकवणारी आई शाळा चालवत नाही. (ज्यांनी भाड्याच्या फ्लॅटमध्ये दहा-पंधरा मुले जमवून, फी घेऊन, त्याला ‘लर्निंग सेंटर’ असे नाव दिले आहे, त्यांनी मात्र हे कलम स्वतः नीट वाचावे आणि वकिलाला दाखवावे. त्यांची आणि आपली बाजू एक नाही, हे थोडे कटू वाटले तरी सांगणे भाग आहे.)

दुसरे वाक्य, ‘मुलाला बाल कल्याण समितीपुढे उभे करू.’ बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २(१४) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल कोण, हे सविस्तर सांगितले आहे: बेघर, कामाला जुंपलेले, छळ सोसणारे, टाकून दिलेले, बालविवाहाच्या धोक्यातले. आईवडिलांच्या देखरेखीखाली शिकणारे मूल निव्वळ पटावर नाव नाही एवढ्यावरून त्यात बसत नाही. तिसरे वाक्य आपल्याला सर्वांत जास्त घाबरवते: ‘आता नाव घातले नाही, तर पुढे कोणतीही शाळा घेणार नाही.’ हे तर कायद्याच्या अगदी उलट आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरील ज्या मुलाने कधी प्रवेशच घेतला नाही त्यालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि चौदा वर्षे उलटून गेली तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफत मिळण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधार कार्डाची सक्तीही या वयातल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे.

घरात शिरून मुलाची परीक्षा घेणे, कपाटातल्या वह्या बाहेर काढायला लावणे, आईला बाजूला करून मुलाला एकट्याने प्रश्न विचारणे, याचा अधिकार हा अधिनियम ना केंद्रप्रमुखाला देतो, ना विस्तार अधिकाऱ्याला. चौकशीत साक्षीदाराला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार बालहक्क संरक्षण आयोगाला आहेत, आणि तेही लेखी प्रक्रियेने वापरायचे असतात. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला, आणि घराचा उंबरठा त्यातून वगळलेला नाही.

एक प्रसंग सांगते. कुटुंबाच्या संमतीने सांगते आहे. कोणाचे नाव, वस्ती किंवा कार्यालय देत नाही. दुपारी वडील कामावर असताना तीन माणसे आली. त्यांच्यापैकी एकाच्या गळ्यात ओळखपत्र होते, कोणाजवळही पत्र नव्हते. त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला पाढे म्हणायला लावले, तिने ते म्हटले. मग इंग्रजी वाचायला लावले, तेही तिने वाचले. मग ‘शाळेत जायला आवडेल ना?’ असे विचारले, आणि ती आईकडे पाहू लागली तेव्हा ‘घरच्यांचा दबाव दिसतो’ असे आपसात म्हणत तिचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो ‘शाळाबाह्य मूल आढळले’ अशा मजकुरासह एका व्हॉट्सअॅप गटात होता. त्या गटात या कुटुंबाच्याच नात्यातल्या एक शिक्षिका होत्या, म्हणून तो या घरापर्यंत पोहोचला. नाही तर तो कुठे कुठे गेला हे कोणालाच कळले नसते, आणि आजही पूर्ण कळलेले नाही.

यातली विसंगती लक्षात घ्या. जर ती मुलगी खरोखरच काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे असे त्यांचे म्हणणे असेल, तर बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि ती मोडणाऱ्याला शिक्षाही सांगते. आणि ती तशी नसेल, तर एका नागरिकाच्या घरी जाऊन त्याच्या अल्पवयीन मुलीचा फोटो काढून पसरवण्याचे कारणच उरत नाही. या कुटुंबाने तक्रार केली का? केली नाही. ‘उगाच त्यांच्या डोळ्यावर कशाला यायचे’ असे त्या माउलीचे म्हणणे होते. मी त्यांना दोष देत नाही, पण ते उत्तर मला मान्यही नाही, कारण डोळ्यावर तर त्या आल्याच आहेत. तक्रार न केल्याने एवढेच झाले, की तोच प्रकार पुढच्या घरी करताना कोणालाही पूर्वीची आठवण राहणार नाही.

आपल्या गप्प बसण्याचे एक कारण भीती आहे, पण ते एकमेव नाही. दुसरे कारण आपण चारचौघांत बोलत नाही, म्हणून इथे मांडते. आपल्यापैकी अनेकांनी मुलाचे नाव ओळखीच्या एखाद्या शाळेच्या पटावर नुसते ठेवले आहे. फी भरायची, मूल घरी ठेवायचे, परीक्षेपुरते पाठवायचे, आणि कोणी विचारले तर ‘अमुक शाळेत आहे’ म्हणून सांगायचे. तात्पुरती सोय म्हणून हे ठीक वाटते. पण जो पालक खोट्या हजेरीच्या आधाराने उभा आहे तो अधिकाऱ्याला ‘तुमचे लेखी आदेश दाखवा’ असे म्हणूच शकत नाही. त्याला गोडीगुलाबीनेच घ्यावे लागते, आणि गोडीगुलाबीने मिळालेली सवलत काढून घ्यायला साहेब बदलण्याइतकेच निमित्त पुरते. शिवाय त्यात ती शाळा आणि तिचे शिक्षकही अडकतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांना बोलायचे आहे त्यांनी आधी हे पटावरचे नाव काढून खरे काय ते सांगावे. मुलाची प्रगती मोजायला दुसरे सरळ मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसण्याची वाट तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

माहिती लपवणेही तसेच घातक. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ९ नुसार आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. त्यामुळे दारात आलेल्या माणसाने मुलाचे नाव, वय आणि ते कुठे शिकते एवढे विचारले, तर ते सांगावे. ‘घरी शिकते, अमुक परीक्षेची तयारी करते’ हे पूर्ण उत्तर आहे. त्यापुढची मागणी झाली तर आवाज न चढवता येणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कार्यालय लिहून घ्यावे, कोणत्या शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने ही मागणी होते आहे ते विचारावे, आणि लेखी पत्र दिल्यास लेखी उत्तर देऊ असे सांगून थांबावे. घरी एकटी बाई असेल तर ‘यजमान असताना या’ असे म्हणण्यापेक्षा ‘पत्र पाठवा’ म्हणणे चांगले, कारण प्रश्न यजमानांचा नाही. ते गेल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, घडलेले तारीख-वेळेसह लिहून काढावे.

मग अर्ज करावा. तो संबंधित कार्यालयाच्या आवक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. अधिनियमाचे कलम ३२ फारसे कोणी वाचत नाही, पण आपल्या कामाचे तेच आहे. मुलाच्या या कायद्यातील हक्कांसंबंधी कोणतीही तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते, प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होते. त्याआधी किंवा त्याबरोबरच माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर एवढेच विचारावे, की अमुक तारखेच्या भेटीचा आदेश कोणी, कोणत्या तरतुदीखाली दिला आणि त्याची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर येणे बंधनकारक आहे. आदेशच नव्हता असे उत्तर आले, तर तुमची अर्धी तक्रार कार्यालयानेच लिहून दिली असे समजा. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे आणि रिट याचिकेचा मार्ग कोणी बंद केलेला नाही. पण मुलाच्या बालपणाची वर्षे तारखांत घालवायची नसतील, तर खालच्या पायऱ्या आधी चढाव्यात.

बोलताना काही गोष्टी टाळल्या तर बरे. मुलांचे शिक्षण निवडण्याचा पालकांचा हक्क मान्य करणाऱ्या अमेरिकेतील १९२५ च्या निकालाचा दाखला गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन उपयोग नाही. तो तिथल्या पालकांचा आहे, आपल्यावर तो बंधनकारक नाही आणि त्याने समोरचा माणूस फक्त चिडतो. काही मित्र वर्ध्याच्या ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेचा आणि गांधीजींच्या नयी तालीमचा हवाला देतात. सेवाग्राम आपल्याला जवळचे आहे आणि त्याचा अभिमानही आहे, परंतु नयी तालीम हाताला काम देणारी शाळा होती, शाळेला नकार नव्हता. ओढूनताणून आणलेला पुरावा आपलेच वजन कमी करतो. आणि आलेल्या शिक्षकाचा व्हिडिओ काढून तो पसरवू नका. आपण ज्याची तक्रार करतो तेच आपण करावे, हे बरे दिसत नाही. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला लावू नये, असे शिक्षण हक्क अधिनियमाचेच कलम २७ सांगते, तरी त्यांच्या डोक्यावर काय काय असते ते आपण पाहतोच. हुकूम देणारा कार्यालयात बसलेला असतो. दारात उन्हातून आलेला मनुष्य पुष्कळदा आपल्याइतकाच नाइलाजाने उभा असतो. त्याला पाणी द्यावे, आणि प्रश्न हुकूम देणाऱ्याला विचारावा.

आणखी एक सांगायचे राहिले, आणि ते काहींना आवडणार नाही. हक्क मुलाचा आहे. आपला हक्क त्याच्यामागून येतो. घरकामाला हात हवा म्हणून थोरल्या मुलीला घरी ठेवून त्याला होमस्कूलिंग म्हणणारे घर असेल, किंवा दुकानावर बसवलेला मुलगा ‘व्यवहारातून शिकतो आहे’ असे सांगणारा बाप असेल, तर तिथे सरकारने विचारपूस केलीच पाहिजे आणि आपण त्या घराची बाजू घेऊ नये. ‘आमच्या मुलांचे शिकणे कोणीही कधीही पाहू नये’ अशी आपली मागणीच नाही. ते कोणी, कोणत्या अधिकाराने, किती आधी कळवून आणि कशा रीतीने पाहावे, हे लिहून ठेवा, एवढे आपण मागतो आहोत.

त्यासाठी एका सामूहिक निवेदनाचा मसुदा मी केला आहे. त्यात मागण्या चार आहेत: सर्वेक्षणाच्या नमुन्यात ‘घरी शिक्षण / मुक्त विद्यालय’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा, घरभेटीपूर्वी लेखी सूचना द्यावी आणि तीत तरतुदीचा उल्लेख असावा, पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाचा फोटो काढू नये व कोणत्याही गटात टाकू नये, आणि मुलाशी बोलायचे असल्यास पालक समोर असावेत, मुलाच्या सुरक्षिततेबद्दल ठोस शंका असेल तेवढा अपवाद सोडून. हा अपवाद मी मुद्दाम घातला आहे. काहींनी तो काढायला सांगितला, पण तो काढल्यास मी सही करणार नाही. निवेदन जिल्हा आणि महानगरपालिका या दोन्ही पातळ्यांवर द्यायचे आहे, त्याची प्रत राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला जाईल, आणि दोन्हीकडची पोच सर्वांना मिळेल. ज्यांना आपले प्रसंग जोडायचे असतील त्यांनी तारीख, वेळ आणि येणाऱ्याचा हुद्दा लिहून एका पानात द्यावेत. ऐकीव गोष्टी नकोत. सह्या पालकांच्या असतील, आईची आणि वडिलांची दोन्ही, पूर्ण पत्त्यासह. मुलांची नावे त्यात कुठेही असणार नाहीत.

आपली,
नागपुरातील एक पालक